आउश्वित्झच्या अभ्यासदौऱ्याला जाण्याआधी काय तयारी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जर्मनीत मास्टर्स करतेय, मे महिन्यात विद्यापीठाच्या गटाबरोबर पाच दिवस पोलंडमध्ये, आउश्वित्झ या नाझी छावणीच्या जागी जायचंय, गटात भारतीय मी एकटीच, आणि होलोकॉस्टबद्दल, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराबद्दल, शाळेच्या इतिहासातल्या दोन परिच्छेदांपलीकडे काही वाचलेलं नाही. तर काय वाचू आणि मनाची तयारी कशी करू?

मी बर्लिनमध्ये शिकत असताना अशीच गेले होते, जवळजवळ एवढ्याच शिदोरीवर. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी, 'सहल' हा शब्द घरी फोनवर बोलतानाही वापरू नका. आपल्याकडे सहल म्हटलं की डबे, भेंड्या आणि ग्रुप फोटो आलेच. माझ्या मावशीने मला "मजा कर गं" असा मेसेज पाठवला होता. तिची काही चूक नव्हती, मीच तिला 'कॉलेजची ट्रिप' असं सांगितलं होतं.

आता मुद्द्याचं. मनाची तयारी वगैरे नंतर पाहू, आधी वाचनाची तयारी करा. कारण तिथे डोळ्यांना दिसतं ते फार थोडं असतं.

बिर्केनाउ हा आउश्वित्झचाच दुसरा, मोठा भाग. त्याच्या फाटकातून आत गेलं की उजव्या हाताला विटांच्या धुराड्यांच्या रांगाच रांगा दिसतात. नुसती धुराडी, भोवती गवत. आमच्यातला एकजण कुजबुजला, "एवढ्या भट्ट्या?" त्या भट्ट्या नाहीत. लाकडी बराकींमध्ये शेगड्या होत्या, त्यांची ती धुराडी. बराकींचा आराखडा मुळात ५२ घोड्यांच्या तबेल्याचा, आणि एकेकीत चारशेच्या वर माणसं कोंबलेली. युद्ध संपल्यावर लोकांनी घरं उभारायला लाकूड नेलं, विटा उरल्या. प्रेतं जाळण्याच्या इमारती पार दुसऱ्या टोकाला आहेत आणि तिथे आता कोसळलेली छपरं आणि काँक्रीटचे तुकडे आहेत, कारण जानेवारी १९४५ मध्ये पळ काढण्याआधी एसएसने (छावण्या चालवणाऱ्या नाझी दलाने) त्यांतल्या बहुतेक सुरुंग लावून उडवल्या. हे माहीत नसेल तर माणूस चुकीच्या जागी उभा राहून हळहळतो.

याहून मोठी गोष्ट आकड्यांत आहे. आउश्वित्झला सुमारे १३ लाख माणसं आणली गेली आणि त्यांतली सुमारे ११ लाख मारली गेली. मारलेल्यांपैकी जवळजवळ १० लाख ज्यू. बाकीच्यांत पोलिश, रोमा (ज्यांना जिप्सी म्हणत) आणि सोव्हिएत युद्धकैदी. पण कैदी म्हणून नोंद झाली फक्त ४ लाखांच्या आसपास. उरलेल्यांना ना नंबर मिळाला, ना पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, ना झोपायला फळी. गाडीतून उतरवलं, डॉक्टरने हाताने इशारा केला, आणि काही तासांत सगळं संपलं. १९४४ च्या मे ते जुलैमध्ये हंगेरीतून सव्वाचार लाखांहून जास्त ज्यू तिथे पोचवले गेले, त्यांतल्या बहुतेकांचं असंच झालं. म्हणजे बराकी, फळ्या, नंबर हे जे आपण बघतो ते त्यातल्या त्यात जगायची संधी मिळालेल्यांचं आहे. ज्यांना सर्वांत जास्त संख्येने मारलं, त्यांचं तिथे राहिलंच नाही काही, कारण ते तिथे राहिलेच नव्हते. एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली तरी तुमचा दौरा वेगळा होईल.

वाचायला सुरुवात कुठून करायची? मी सांगेन, तुमच्याच शहरातून. आमच्या प्राध्यापिकेने पोलंडचं नाव काढण्याआधी आम्हाला बर्लिनच्या एस-७ लोकलमध्ये बसवलं. ग्रुनेवाल्ड स्टेशनावर १७ नंबरचा जुना फलाट आहे, बर्लिनच्या ज्यूंना इथून गाड्यांत भरून नेलं. फलाटाच्या कडेने लोखंडी पत्रे बसवलेत, एकूण १८६, आणि प्रत्येकावर तारीख, ज्यूंची संख्या, कुठून कुठे. पहिला १८ ऑक्टोबर १९४१ चा आहे: १२५१ ज्यू, बर्लिन ते लोड्झ (पोलंडमधलं शहर). आम्ही वाचत वाचत पुढे गेलो. शेवटचा पत्रा २७ मार्च १९४५ चा: १८ ज्यू, बर्लिन ते थेरेसिएनश्टाट (आजच्या चेक देशातली, ज्यूंना कोंडण्याची जागा). अठरा! रशियन फौजा ओडर नदीपर्यंत आलेल्या, शहरावर रोज बॉम्ब पडताहेत, आणि रेल्वे अठरा माणसांना पाठवतेय. मी त्या पत्र्यावर उभी होते आणि मागच्या चालू फलाटावर लोकल आली, लोक उतरले, घरी गेले. मला होलोकॉस्ट 'कळायला' सुरुवात तिथे झाली.

त्याच लोकलने पुढे वान्झेला गेलो. तळ्याकाठचा बंगला आहे. २० जानेवारी १९४२ ला तिथे नाझी राजवटीचे १५ अधिकारी जमले, साधारण दीड तास बोलले. बरेचसे डॉक्टरेट मिळवलेले. इतिवृत्त १५ पानांचं आहे, जर्मनमध्ये आणि भाषांतरातही सहज मिळतं, ते जाण्याआधी वाचाच. त्यात देशांची यादी आहे, प्रत्येकासमोर ज्यूंचा आकडा, एकूण १ कोटी १० लाख. एस्टोनियासमोर आकड्याऐवजी 'ज्यूमुक्त' असं लिहिलंय. सगळ्या कागदात 'ठार मारणे' असा सरळ शब्द नाही. 'पूर्वेकडे स्थलांतर' आहे, 'योग्य ती वागणूक' आहे. आणि एक गैरसमज आधीच काढून टाका: संहाराचा निर्णय त्या बैठकीत झाला नाही. मारणं आधीच सुरू होतं. किएव्हजवळ बाबी यारच्या घळीत सप्टेंबर १९४१ मध्ये दोन दिवसांत ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घातल्या होत्या. वान्झेत जे ठरलं ते कोणत्या खात्याने काय करायचं हे.

शब्दांवर वेळ घालवा. आपण मराठीत सगळ्यालाच 'छळछावणी' म्हणतो. पण ट्रेब्लिंका, सोबिबोर, बेल्झेत्स, खेल्म्नो ही ठिकाणं फक्त मारण्यासाठी होती, तिथे कैद्यांच्या बराकींचा पसारा नव्हताच. आउश्वित्झमध्ये दोन्ही होतं. दुसरं, चर्चासत्रात मी माझ्या सादरीकरणात 'पोलंडच्या छावण्या' असं लिहिलं. आमच्यात एक पोलिश मुलगी होती. तिने हात वर केला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "जर्मन छावण्या. आमच्या, त्यांनी बळकावलेल्या जमिनीवर." मला फार लागलं ते, आणि लागायलाच हवं होतं. युनेस्कोच्या यादीतलं त्या जागेचं नावही २००७ मध्ये बदलून त्यात 'जर्मन नाझी' हे शब्द मुद्दाम घातले गेले.

तुम्ही गटात एकट्या भारतीय आहात म्हणून दोन गोष्टी आपल्या घरच्या.

स्वस्तिक. मी परदेशी निघाले तेव्हा आईने नव्या बॅगेच्या झाकणाला आतून कुंकवाने स्वस्तिक काढलं होतं. दौऱ्याच्या आदल्या रात्री कपडे भरताना ते दिसलं. आपल्यासाठी ते शुभ आहे, हे मी कुणालाही समजावून सांगू शकते. पण त्या खोलीत, त्या गावात, ज्याच्या आजीचं माहेर त्या छावणीत संपलं त्याच्यासमोर समजावत बसण्याची ती वेळ नव्हे. मी आईला फोन केला. ती म्हणाली, "पूस. देव काही रागावत नाही." ओल्या रुमालाने पुसलं. तुमच्या गळ्यातलं पदक, वहीचं पहिलं पान, लॅपटॉपवरचा स्टिकर, सगळं एकदा बघून घ्या.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. "या देशाला हिटलरच पाहिजे" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय, घरातल्या मोठ्यांच्या तोंडून, लग्नाच्या पंगतीत, रेल्वेच्या डब्यात. कडक बाईंना आम्हीही 'हिटलर' म्हणायचो. रस्त्यावरच्या पुस्तकांच्या ढिगात त्याचं आत्मचरित्र ठेवलेलं असतं आणि ते 'व्यक्तिमत्त्व विकास' म्हणून वाचणारी मुलं मी पाहिली आहेत. सोबतचे विद्यार्थी तुम्हाला याबद्दल विचारतील, मला विचारलं होतं. सारवासारव करू नका. आपल्याकडे असं बोलतात, आणि अज्ञानातून बोलतात, हे सरळ सांगा. आणि परतल्यावर ते वाक्य घरात पुन्हा निघालं तर गप्प बसू नका. मी आता बसत नाही, मग समोर काका असोत की आणखी कुणी.

पोलंडमध्ये तुम्ही महाराष्ट्रातल्या म्हटल्यावर कुणी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचा विषय काढेल. १९४३ ते ४८ या काळात तिथे सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित राहिले, त्याचा अभिमान जरूर बाळगा. पण ती माणसं सोव्हिएत रशियाने घरांतून उचलून नेलेली होती. ती वेगळी हकीकत आहे, होलोकॉस्टच्या चर्चेत तिची सरमिसळ करू नका.

आता प्रत्यक्ष जागेबद्दल. मूळ छावणीतल्या (बिर्केनाउच्या आधीच्या भागातल्या) ५ नंबरच्या इमारतीत लोकांच्या वस्तू आहेत. सुटकेसवर नाव आणि जन्मतारीख रंगवलेली आहे, कारण सामान परत मिळेल असं सांगून ते लिहून घेतलं होतं. पण मी थांबले ती भांड्यांपाशी. बारा हजारांहून जास्त: इनॅमलचे मग, पातेली, डबे, चाळण्या. निळ्या कडेचं एक दुधाचं भांडं होतं, तळाशी टवका उडालेलं, आमच्या ओट्यावर असतं तसंच. भांडी कोण बरोबर नेतं? जिथे जाऊ तिथे चूल मांडायची आहे असं ज्याला वाटतं तो. २०१६ मध्ये संग्रहालयातल्या लोकांना अशाच एका मगाचा तळ गंजून सुटल्यावर खाली दुसरा तळ सापडला, त्यात एक सोन्याची अंगठी आणि साखळी. कुणीतरी सत्तर वर्षांपूर्वी ती लपवून आणली होती, पुढच्या दिवसांसाठी.

केसांचं दालन आणि ११ नंबरच्या इमारतीचं तळघर इथे फोटो काढायला मनाई आहे. बाकी ठिकाणी परवानगी आहे, पण मी पहिल्या दिवशी फोन खोलीवरच ठेवला आणि त्याचा उपयोग झाला. रुळांवरून तोल सावरत चालू नका, लोक चालतात आणि फोटोही काढतात. बॅग अगदी छोटी लागते. बिर्केनाउ उघडं माळरान आहे, मे महिन्यातही वारा बोचतो, जाकीट आणि चालायचे बूट हवेत. आणि गावाला ओश्विएन्चिम म्हणा, ते त्याचं पोलिश नाव. ते जिवंत गाव आहे, तिथे शाळा आहेत, सुपरमार्केट आहे. युद्धापूर्वी तिथले निम्म्याहून जास्त लोक ज्यू होते, त्यांचं एकच सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) उरलंय. तुमच्या कार्यक्रमात ते नसेल तर तासभर मागून घ्या. ज्यू तिथे फक्त मेले नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या राहिले, व्यापार केला, भांडले, लग्नं लावली, हे तिथे कळतं.

मनाचं विचारलंत. रडू येईलच असं नाही. मला आलं नाही, आणि दोन दिवस मला स्वतःचीच शरम वाटत होती. शेजारची मुलगी भांड्यांच्या आधीच बाहेर जाऊन बसली. दोघींचंही ठीक होतं. संध्याकाळच्या गटचर्चेला मात्र दांडी मारू नका, बोलायचं नसेल तर नुसत्या बसा. त्याच दिवशी क्राकोला जाऊन मिठाची खाण बघण्याचा बेत कुणी काढला तर नाही म्हणा. परतल्यावर एक दिवस रिकामा ठेवा.

एक काम आजच करा. तुमच्या रस्त्यावर फूटपाथमध्ये छोटे पितळी चौकोन बसवलेले असतील, त्यांवर तिथल्या घरातून नेलेल्या माणसाचं नाव, जन्मवर्ष, कुठे नेलं ते कोरलेलं असतं. त्यांतलं एक नाव घ्या आणि ते घर, ती गाडी, ती तारीख शोधा. होलोकॉस्टमधून जिवंत राहिलेल्यांच्या मुलाखतींचा शोआ फाउंडेशनचा संग्रह विद्यापीठाच्या ग्रंथालयातून बघता येतो का तेही विचारा, ५० हजारांहून जास्त मुलाखती आहेत. तुम्ही कोणत्या शहरात आहात ते इथे खाली लिहिलंत, तर तिथून गेलेल्या गाड्यांची यादी शोधायला मी मदत करते.