दुर्गभ्रमंतीवर नव्याने लिहिणाऱ्यास
आपला राजगडावरील लेख वाचला; हात चांगला आहे, लिहीत राहावे. मात्र पहिले तीन परिच्छेद सर्वज्ञात इतिहासात खर्ची पडले आहेत आणि पायथ्याच्या गुंजवणे गावाहून चोर दरवाजाने चढताना शेवटच्या कातळटप्प्यावर रेलिंगचा आधार घ्यावा लागतो, म्हणून नवख्याने पाली दरवाजाची पायऱ्यांची वाट धरावी, हे वाचकाला खरोखर हवे असलेले एका ओळीत उरकले आहे. तूर्त एवढेच सांभाळावे: स्वतः पाहिलेले आधी लिहावे, ऐकीव माहिती ऐकीव म्हणूनच द्यावी आणि कोणत्याही गडाला चिकटणारी ‘विहंगम’, ‘अविस्मरणीय’ ही विशेषणे गाळावीत. लेख महिन्यातून एकच असला तरी चालेल, पण ठरल्या वेळी यावा. कोणी वाचकाने गडावरील टाक्यातील (कातळात खोदलेल्या हौदातील) पाण्याविषयी विचारल्यास उत्तर लांबवू नये. विचारणारा बहुधा येत्या शनिवारीच गडावर निघणार असतो. छायाचित्रांचे तंत्र नंतर पाहू.