आयएसओ फाईल पेनड्राइव्हवर कॉपी केली, तरी लॅपटॉप त्यावरून सुरू का होत नाही?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीला घरी विंडोज १० चा जुना लॅपटॉप पडून आहे, मुलीच्या अभ्यासासाठी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकायचीय, आणि आयएसओ (म्हणजे अख्खी इन्स्टॉल डिस्क एकाच फाईलमध्ये) पेनड्राइव्हवर कॉपी करूनही 'नो बूटेबल डिव्हाइस', म्हणजे 'सुरू होण्याजोगं काही सापडलं नाही', असं येतंय. बहुतेक लॅपटॉपही ठीक आहे आणि पेनड्राइव्हही. आयएसओ नुसती कॉपी करून भागत नाही, ती पेनड्राइव्हवर 'राइट' करावी लागते, म्हणजे तिच्या आतला मजकूर खास प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर उतरवावा लागतो.

बटण दाबल्यावर लॅपटॉपमध्ये जागं असतं ते फक्त फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटा प्रोग्रॅम. तो दोन प्रकारचा असतो, बायोस किंवा यूईएफआय. जुना बायोस असेल तर तो पेनड्राइव्हचे पहिले ५१२ बाइट वाचतो आणि तिथे बूट कोड (सिस्टीम सुरू करणारा कोड) शोधतो. यूईएफआय असेल तर 'ईएफआय' फोल्डरमधली बूट फाईल शोधतो. तुमच्याकडे हे सगळं आहे, पण आयएसओच्या पोटात, न उघडलेल्या पार्सलसारखं. फर्मवेअर ते पार्सल फोडत बसत नाही.

विंडोजवर रूफस वापरा. छोटा प्रोग्रॅम आहे, इन्स्टॉलही करावा लागत नाही. मिंटला ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. पार्टिशन स्कीम (पेनड्राइव्हवरच्या भागांची मांडणी) एमबीआर ठेवा, म्हणजे बायोस आणि यूईएफआय दोन्हीवर चालेल. स्टार्ट दाबलं की रूफस विचारतो, आयएसओ मोड (आतल्या फाईली सुट्या करून ठेवणं) की डीडी मोड (आयएसओ जशीच्या तशी बाइट-बाइट उतरवणं)? आधी आयएसओ मोड घ्या, बूट झालं नाही तर डीडी मोडने पुन्हा करा. स्टार्टच्या आधी 'डिव्हाइस'समोरचं नाव आणि क्षमता मात्र नीट वाचा, कारण त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे. बॅकअपची हार्ड डिस्क लावलेली असेल तर काढूनच ठेवा. रूफस ती सहसा यादीत दाखवत नाही, पण कोणी लिनक्सवर टाइप करायच्या डीडी कमांडने हेच करत असेल तर तिथे 'नक्की ना?' असं विचारणारं कोणी नसतं. डिस्कच्या नावातलं एक अक्षर चुकलं की घरचे फोटो गेले.

डाउनलोड अर्धवट झालं असेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. मिंटच्या साइटवर आयएसओचा शा-२५६ चेकसम, म्हणजे फाईलवरून काढलेला ओळखीचा लांब कोड, दिलेला असतो. रूफसमध्ये फाईल निवडल्यावर शेजारच्या बटणाने तो काढता येतो. दोन्ही जुळवून बघा. आणि ठाणे स्टेशनबाहेर भलत्याच स्वस्तात मिळणाऱ्या '६४ जीबी' पेनड्राइव्हच्या नादी लागू नका. त्यांतल्या काहींत खरी जागा बरीच कमी असते, लिहिताना एरर येत नाही आणि इन्स्टॉल मधेच अडकतं. शंका असेल तर रूफसमधली बॅड ब्लॉक (खराब जागा) तपासणी चालू करा, वेळ लागतो पण खोटी क्षमता पकडली जाते.

तुम्हाला कॉपी-पेस्टच सोयीचं वाटत असेल तर व्हेंटॉय हा दुसरा प्रोग्रॅम बघा. पेनड्राइव्ह एकदा त्याने तयार केला की पुढे हव्या तेवढ्या आयएसओ साध्या कॉपी करायच्या, सुरू करताना मेनूत निवडायच्या. कॉलनीत चार जणांचे लॅपटॉप करून द्यायचे असतील तर हाच मार्ग बरा.

पेनड्राइव्ह तयार झाला की तो लावा आणि लॅपटॉप चालू करताना बूट मेनू (कशावरून सुरू व्हायचं ते निवडायची यादी) उघडा: डेल किंवा लेनोवोवर एफ १२, एचपीवर एस्केप आणि मग एफ ९. एसरवर एफ १२ बूट मेनू कधीकधी आधी बायोसमध्ये चालू करावा लागतो.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून चांगले लॅपटॉप भंगारात जाताना बघून जीव तुटतो, त्यामुळे तुमचं हे काम व्हावं असं मनापासून वाटतं. मिंट पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता. वाय-फाय, आवाज, टचपॅड, मुलीचं मराठी टायपिंग, सगळं तिथे तपासा आणि मगच इन्स्टॉल करा. नंतर विंडोजमध्ये पेनड्राइव्ह लावल्यावर 'फॉरमॅट करा' असा मेसेज आला तर तो बिघडलेला नाही. लिनक्सची पार्टिशन विंडोजला वाचता येत नाही, एवढंच. रूफसमध्ये 'नॉन बूटेबल' निवडून स्टार्ट केलंत की तो पुन्हा साधा पेनड्राइव्ह होतो.