द्राक्षमळ्यात रॉटवायलर

प्रश्न : आमचा निफाड तालुक्यात चार एकर द्राक्षमळा असून आम्ही वस्तीवरच राहतो. बिबट्याचा वावर आणि विहिरीवरच्या मोटारींच्या चोऱ्या वाढल्यामुळे रॉटवायलर जातीच्या कुत्र्याचे पिल्लू आणून रात्री बागेच्या टोकाला बांधावे, असा विचार आहे. हाड जाड होण्यासाठी त्याला रोज कॅल्शियम पाजावे, असे एका परिचिताने सांगितले. घरात सहा वर्षांची नात आहे. ही जात आमच्याकडे टिकेल का?
– एक वाचक, निफाड

उत्तर : टिकेल, मात्र बागेच्या टोकाला बांधून नव्हे. जर्मनीतील रॉटवाइल गावाच्या नावाने ओळखला जाणारा हा कुत्रा खाटकांची गुरे हाकत असे, त्यांच्या गाड्या ओढत असे आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पोलिसांच्या कामात आला. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तो मालकाच्या पायाशी राहून, त्याचा शब्द ऐकून काम करत आला आहे. अशा कुत्र्याला एकटे साखळीला बांधले, की तो चिडका होतो आणि छाटणीला आलेल्या मजुरापासून घरच्या लेकरापर्यंत प्रत्येकाकडे संशयाने पाहू लागतो. शिवाय बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला आयता घास. पन्नास किलोचा नर असला, तरी त्याने बिबट्याशी झुंजावे ही अपेक्षाच चुकीची आहे. रात्री त्याला घरात किंवा वरूनही जाळी असलेल्या भक्कम पिंजऱ्यात ठेवावे. चाहूल लागताच तो तेथूनही भुंकेल, आणि राखणीसाठी तेवढे पुरेसे असते.

कॅल्शियमचा सल्ला कृपया मनावर घेऊ नका. लहान पिल्लाच्या शरीराला जादा कॅल्शियम शोषण्यावर आवर घालता येत नाही, त्यामुळे हाड मजबूत होण्याऐवजी वेडेवाकडे वाढते. बाटलीभर औषध पाजून पुढचे पाय धनुष्यासारखे वाकलेले चार महिन्यांचे पिल्लू आमच्या दवाखान्यात तपासणीच्या टेबलावर आले होते; मालकाने ते प्रेमापोटीच पाजले होते. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचा तयार आहार देत असाल, तर वरून काहीही लागत नाही. या जातीत खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्याचे दोष आढळतात, म्हणून पिल्लू गुबगुबीत करू नये. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. दीड वर्षाचे होईपर्यंत त्याला मोटारसायकलमागे पळवू नये. जेवण दोन वेळा विभागून द्यावे आणि त्यानंतर तासभर विश्रांती द्यावी. पोट टम्म फुगले, उमासे येऊनही उलटी होत नसेल, तर पोटाला पीळ पडल्याची शंका घेऊन त्याच घटकेला दवाखाना गाठावा, सकाळची वाट पाहू नये.

आपल्या मळ्यातला खरा धोका मात्र मांडवाखाली पडलेल्या द्राक्षमण्यांचा आहे. द्राक्षे आणि बेदाणे यांमुळे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते, आणि किती मणी बाधतील याचा अंदाज बांधता येत नाही. एखाद्या कुत्र्याला मूठभर खाऊन काही होत नाही, दुसऱ्याला थोडेसेही भोवतात. त्यामुळे खाल्ल्याचे दिसताच, लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे. साठवणीच्या चाळीतला कांदाही त्याला वर्ज्य आहे, कारण त्याने रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. गोडी छाटणीनंतर (फळांसाठीची ऑक्टोबरच्या सुमाराची छाटणी) हायड्रोजन सायनामाइडचे पेस्टिंग (डोळे फुटावेत म्हणून काड्यांना लावायचे विषारी रसायन) असेल किंवा कोणतीही फवारणी असेल, त्या दिवशी कुत्रा बागेत सोडू नये.

निफाडची थंडी त्याला मानवते, एप्रिल-मेचे ऊन नाही. अंगावर दुहेरी केस आणि रंग काळा, म्हणून उन्हाळ्यात त्याला सूर्योदयापूर्वीच फिरवावे.

नातीबाबत एकच नियम पाळावा : मोठे माणूस जवळ असल्याशिवाय दोघांना एकत्र सोडू नये. पिल्लू साधारण आठ आठवड्यांचे झाल्यावर आणावे आणि चौदाव्या आठवड्यापर्यंत त्याला मजूर, ट्रॅक्टर, पाहुणे, लहान मुले यांची ओळख खाऊ देऊन करून द्यावी. काठीने शिकवलेला रॉटवायलर काठीलाच ओळखतो. या सगळ्यासाठी घरातील एका माणसाला रोज दीड तास काढता येणार नसेल, तर वस्तीवरचा गावठी कुत्रा राखणीला अधिक बरा, असे आमचे स्पष्ट मत आहे.