‘माझा अवतार’ : लाल शाई कुठे हवी होती?

साताऱ्यातल्या एका चित्रकला शिक्षिकेचा प्रश्न आला आहे. त्यांच्या मुलांनी आधी गंजिफाच्या, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या गोल पत्त्यांवरून दशावताराचा अभ्यास केला, मग टॅबलेटवर स्वतःची डिजिटल पात्रं काढली. फाइलवर शीर्षक घातलं ‘माझा अवतार’ आणि खाली लिहिलं, ‘मी माझा अवतार बनवला.’ बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शीर्षकावर लाल रेघ मारून शेरा दिला: ‘अवतार देवाचा असतो. प्रतिमा लिहा.’ मॅडम विचारतात, बरोबर कोण?

मॅडम, मुलंच. मात्र शेरा का सुचला तेही समजतं.

अवतार म्हणजे मुळात खाली उतरणं. ‘अव’ म्हणजे खाली. गाणं शिकलेल्यांना अवरोहातला ‘अव’ ओळखीचा असेल. ‘तॄ’ म्हणजे तरणं, ओलांडणं. देव वरून खाली येतो, म्हणून तो अवतार. पण संस्कृत व्याकरणात हा शब्द देवाच्या नावे राखून ठेवलेला नाही. पाणिनीचं ‘अवे तॄस्त्रोर्घञ्’ असं सूत्र आहे आणि त्यावर सिद्धान्तकौमुदी या व्याकरणग्रंथात उदाहरण येतं ‘अवतारः कूपादेः’, म्हणजे विहिरीत वगैरे उतरायची वाट. तुम्ही साताऱ्याच्या, तेव्हा लिंबची बारा मोटेची विहीर पाहिलीच असेल. कमानीखालून त्या पायऱ्या उतरताना ऊन मागे राहतं आणि अंगाला गारवा लागतो. त्या पायऱ्यांनाही जुना वैयाकरण बिनदिक्कत अवतार म्हणाला असता.

संगणकाच्या जगात हा शब्द 1985 च्या सुमारास रुजला. त्या वर्षी आलेल्या ‘अल्टिमा 4’ या खेळात कुणा महाराक्षसाला मारणं हे अंतिम ध्येय नव्हतं. प्रामाणिकपणा, करुणा, नम्रता असे आठ सद्गुण अंगी बाणवून खेळणाऱ्याने ‘अवतार’ व्हायचं होतं. लगोलग ‘हॅबिटॅट’ या खेळात पडद्यावर आपल्या वतीने हिंडणाऱ्या बाहुलीलाच अवतार म्हणू लागले. सद्गुण गळाले, बाहुली उरली. तरी उतरण्याचा अर्थ शाबूत आहे: आपण इथे खुर्चीत आणि आपलं एक रूप तिथे उतरलेलं.

आता क्रियापद. माझ्या मते सगळी गंमत तिथे आहे. मराठीत देव अवतार ‘घेतो’ किंवा ‘धारण करतो’. थोर माणसाचं अवतारकार्य ‘संपतं’. आणि केस न विंचरता, इस्त्री न केलेला शर्ट घालून निघालेल्या मुलाला आई म्हणते, “हा काय अवतार केलायस?” तिथे देव नाही, भक्ती नाही; असलीच तर चपलांची चुकीची जोडी. म्हणजे हा शब्द माणसाला लावायला मराठीने संगणकाची वाट पाहिलेली नाही. नाम एकच, अर्थ क्रियापद ठरवतं.

‘बनवला’ हे क्रियापद मलाही आधी खटकलं. अवतार काय पराठा आहे बनवायला? मग गीतेचा चौथा अध्याय आठवला. तिथल्या प्रसिद्ध श्लोकात अवतार हा शब्दच नाही. कृष्ण म्हणतो ‘तदात्मानं सृजाम्यहम्’, मी स्वतःला निर्माण करतो. आता कृष्णच तसं म्हणतो म्हटल्यावर स्टायलस घेऊन बसलेल्या मुलाला कोणत्या तोंडाने अडवू? तरी माझा कौल ‘काढला’ला. चित्र काढतात, पात्र काढतात, तसा अवतारही काढावा.

‘प्रतिमा’ इथे पांगळा पडतो. प्रतिमा जागेवर बसून राहते, अवतार हिंडतो-फिरतो, बोलतो. त्यापेक्षा आपला ‘सोंग’ शब्द जवळचा होता. भारुडात सोंग घेणारा नट काही काळ दुसराच होतो, नेमकं तेच इथे आहे. पण ‘सोंग करतोय’ म्हटलं की खोटेपणाचा वास येतो. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, या म्हणीनेही त्याची पत खाली आणलेली. ‘माझं सोंग’ असं शीर्षक कोणता विद्यार्थी देईल? दिलं तर मी त्याला पैकीच्या पैकी देईन.

लॉगिनच्या गोलातल्या चिमुकल्या फोटोला मात्र अवतार म्हणू नये. तो फोटो आहे, फोटोच म्हणावं.

जाता जाता, तुम्ही पाठवलेल्या पानावर ‘माझी तीन अवतारं’ असं एकाने लिहिलंय. अवतार पुल्लिंगी, अनेकवचनातही तसाच राहतो: माझे तीन अवतार. लाल शाई तिथे हवी होती, नेमकी तिथेच नाही.