रफ मिक्स आधी ऐक

प्रिय पोरी,

तू मिक्स केलेलं (वेगवेगळी रेकॉर्डिंगं एकत्र जुळवलेलं) गाणं आणि तुझं पत्र, दोन्ही मिळालं. महागडे स्पीकर घेऊ का आणि या कामावर पोट भरेल का, असं त्यात विचारलंयस. पत्र आधी वाचलं की गाणं आधी ऐकलं, असं विचारलंस तर गाणं. पहिल्या अर्ध्या मिनिटातच तुझ्या खोलीचा अंदाज आला. तुझे स्पीकर मागच्या भिंतीपासून मीटरभर पुढे असणार.

गाण्यात ८५ हर्ट्झच्या आसपास बेस (खालचा, जाड आवाज) फुगलाय. खालचा आवाज स्पीकरच्या पुढे जातो तसा मागेही जातो आणि भिंतीवर आपटून परत येतो. एक मीटर जाणं, एक मीटर येणं, म्हणजे दोन मीटरचा जादा प्रवास. ८५-८६ हर्ट्झच्या लहरीची लांबी असते चार मीटर. परतीचा आवाज बरोब्बर अर्धी लहर उशिरा पोचतो आणि थेट आलेल्या आवाजाला खोडून काढतो. तुझ्या खुर्चीत तो भाग ऐकूच येत नाही, म्हणून तू ईक्यूने (ठराविक पट्टीचा आवाज कमी-जास्त करणारं साधन) तो वर वर नेत बसलीस. किकला (ड्रमच्या जाड ठोक्याला) तीन-चार डीबी (डेसिबल) दिले असशील. नवं प्लगिन (सॉफ्टवेअरला जोडायचं साधन) घेण्याआधी स्पीकर भिंतीजवळ सरकवून बघ. मागच्या बाजूला पोर्ट (हवेचं भोक) असेल तर चार बोटं जागा सोड. आवाज खोडला जातो तो खड्डा वरच्या फ्रिक्वेन्सीकडे सरकेल, आणि तिथला आवाज मागे तसा कमीच जात असल्यामुळे उथळही होईल. बेस एकंदर थोडा वाढेल. तो स्पीकरच्या मागच्या स्विचने कमी करता येतो.

महागडे स्पीकर घेऊ का, याचं उत्तर यात आलंच. यामाहाचे एनएस-१० स्पीकर १९७८ मध्ये घरात गाणी ऐकण्यासाठी बाजारात आले. बेस जेमतेम, मिड्स (मधल्या पट्टीचे आवाज) कानात घुसणारे. तरी पुढे जगभरच्या स्टुडिओंत तेच दिसायचे, कारण लोकांना ते पाठ झाले होते. तुझ्याकडचे स्पीकर पाठ कर. आवडीची दहा गाणी त्यांच्यावर रोज ऐक, आणि आवाज बेताचा ठेव. आवाज कमी असला की कानाला बेस आणि अगदी वरचा भाग कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवलंय. म्हणून मोठ्या आवाजात केलेला मिक्स हळू लावला की पोकळ वाटतो. शिवाय कान हेच तुझं भांडवल. ८५ डीबीला दिवसाचे आठ तास, आणि पुढे दर तीन डीबीला वेळ निम्मा, असा कामाच्या ठिकाणच्या आवाजाचा एक हिशेब आहे. ९४ डीबीवर मिक्स करणाऱ्याच्या वाट्याला एकच तास येतो.

आता तुझा खरा प्रश्न. नोकरी न करता यावर पोट भरेल का? भरेल, पण माझ्या हातून कामं गेली ती कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार कमी करणारं साधन) चुकला म्हणून क्वचितच. सुरुवातीच्या काळात एका गायकाचं गाणं आलं होतं. त्याच्या रफ मिक्समध्ये (गाण्याच्या मालकाने आधी केलेल्या कच्च्या मिक्समध्ये) त्याचा आवाज रिव्हर्बमध्ये (घुमाऱ्याच्या इफेक्टमध्ये) पार बुडालेला. मी म्हटलं, बिचाऱ्याला जमलं नाही. रिव्हर्ब काढला, आवाज पुढे आणला, प्रत्येक शब्द काचेसारखा स्वच्छ केला. चार दिवस लागले. त्याचं उत्तर आलं: ‘छान झालंय, धन्यवाद.’ पैसेही वेळेवर आले. पण तो पुन्हा कधी आला नाही. पुढे कळलं की त्याने आपलाच रफ मिक्स दुसऱ्या कुणाकडून मास्टर (प्रकाशनाआधीचा शेवटचा हात) करून घेतला आणि तोच प्रकाशित केला. गाणं दूर गेलेल्या माणसाबद्दल होतं आणि तो आवाज दूरच हवा होता. हे मी त्याला विचारलंच नव्हतं.

गाणं तुझ्यापर्यंत येतं तोवर त्या माणसाने रफ मिक्स शेकडो वेळा ऐकलेला असतो. त्यातल्या चुकांवरसुद्धा त्याचा जीव जडलेला असतो. म्हणून ट्रॅक उघडण्याआधी रफ मिक्स ऐक आणि त्याला दोनच गोष्टी विचार: यातलं काय हलवायचं नाही? आणि ऐकताना तुला काय खुपतं? उत्तरं लिहून ठेव. काम करताना रफ मिक्स सेशनमध्येच (सॉफ्टवेअरमधल्या कामाच्या फाइलमध्ये) एका ट्रॅकवर ठेव आणि अधूनमधून तुझ्या मिक्सशी ताडून बघ, मात्र दोघांची पातळी सारखी करून. रफ मिक्सवर बहुधा लिमिटर (शिखरं दाबून एकंदर आवाज मोठा करणारं साधन) ठोकलेला असतो. एक डीबी जास्त असलं तरी कान म्हणतात ‘हेच बरं’, आणि मग तू घाबरून तुझाही मिक्स ठोकायला लागतेस.

लोक काय बोलतात आणि त्यांना काय म्हणायचं असतं, हे ओळखणं म्हणजे अर्धा धंदा. गायकाचा ‘आवाज दबतोय’ म्हटलं की नवखा माणूस त्या आवाजाचा फेडर (पातळी कमी-जास्त करायची दांडी) वर करतो. पुष्कळदा गिटार नाहीतर कीबोर्ड दोन ते चार किलोहर्ट्झमध्ये आवाजाच्या अंगावर बसलेला असतो. त्याला तिथे दोन डीबी खाली घे, आवाजाला हातही लावू नकोस. ‘जरा उबदार कर’ याचे मात्र मला आजवर पाच तरी अर्थ भेटलेत. अशा वेळी एखादं गाणं पाठवायला सांग. विशेषणांवर तासभर बोलण्यापेक्षा ते बरं.

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण यात फार काही नाही. निम्मे आधी. दुरुस्तीच्या किती फेऱ्या, ते सुरू करण्याआधी लेखी. उरलेले पैसे मिळाले की अंतिम फाइल. मित्र असला तरी हेच, किंबहुना मित्र असला तर जास्तच. स्टेम्स (वाद्यांच्या गटांचे वेगळे ट्रॅक), इन्स्ट्रुमेंटल (गायनाशिवायचं गाणं), सेशन फाइल यातलं काय देणार तेही आधीच लिही, नाहीतर सहा महिन्यांनी रात्री अकराला फोन येतो.

फाइली मागवताना सगळे ट्रॅक एकाच बिंदूपासून सुरू होणारे, २४ बिट वेव्ह (न दाबलेली फाइल), मूळ सॅम्पल रेटवर (आवाजाची सेकंदाला किती मोजमापं घेतली, त्या आकड्यावर) माग. टेम्पो लिहून घे. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल सेशन ४८ समजून वाजवायला लागला तर गाणं जवळजवळ दीड सेमीटोन चढतं. गायिकेचा आवाज अचानक कोवळा वाटायला लागला तर आधी हे तपास. माझा एकदा अख्खा दिवस यात गेलाय, आणि मी तिच्या गळ्याचं कौतुक करत बसलो होतो.

मास्टरबद्दल. तू पाठवलेलं गाणं मीटरवर उणे ७ लफ्सच्या (गाण्याचा एकंदर मोठेपणा मोजायचं एकक) आसपास आलं. स्पॉटिफाय साधारण उणे १४ ला वाजवतं, म्हणजे ते तुझं गाणं सात डीबी खाली ओढणार. शेवटी ते शेजारच्या गाण्याइतकंच मोठं ऐकू येईल, फक्त स्नेअर ड्रमचा जो फटका तू लिमिटरखाली चिरडलास तो परत येणार नाही. याचा अर्थ उणे १४ ची पोथी कर असा नाही. काही गाण्यांना तो दाटपणा शोभतो, तिथे उणे ९ सुद्धा चालतं. आकडा ठरवायला गाणं ऐक. ट्रू पीक (सर्वात उंच शिखराची खरी पातळी) मात्र उणे १ डीबीच्या खाली ठेव, एमपी३ किंवा एएसीमध्ये रूपांतर होताना शिखरं थोडी वर उडी मारतात.

मिक्सही तूच केलास आणि मास्टरही तूच करतेस, तेव्हा मध्ये दोन दिवस तरी जाऊ दे. मास्टरमध्ये एखाद्या पट्ट्यात तीन डीबी कापावेसे वाटले तर समज की चूक मिक्समध्ये आहे, आणि तिथे जा. ही सोय दुसऱ्याचं मास्टर करताना नसते, तेव्हा तोंड उघडून सांगावं लागतं: ‘हाय-हॅट (ड्रमच्या झांजा) मिक्समध्येच दीड डीबी खाली घेऊन पाठवाल का?’ लोक रागावत नाहीत. काही जण तर त्यानंतरच कायमचे आपले होतात.

फाइल पाठवण्याआधी ती एक्सपोर्ट झालेली फाइलच, पहिल्या सेकंदापासून शेवटचा सूर विरेपर्यंत, हेडफोनवर ऐक. स्क्रीन बंद कर. वेव्हफॉर्म दिसत असला की डोळे ऐकतात आणि कान झोपतात. शेवटची शेपटी कापली गेलेली, मध्येच एक टिचकी वाजलेली, हे असंच सापडतं.

तर आता स्पीकर सरकव आणि तोच मिक्स पुन्हा पाठव. किकचे ते तीन-चार डीबी काढून, लिमिटर न लावता. सोबत, ज्याचं हे गाणं आहे त्या मुलाचा रफ मिक्सही पाठव. तो तू पाठवलाच नाहीस, आणि मला आधी तोच ऐकायचाय.