मेटल डिटेक्टरला सापडलेला हा वीतभर लोखंडी खुंटा कशाचा? खाली टोकदार, वर चौकोनी डोकं, मध्ये वेटोळी

ही हातऐरण असावी. लांब दांड्याच्या, गवत कापायच्या विळ्याला धार करण्यासाठी शेतात न्यायची.

खुंटा जमिनीत किंवा ओंडक्यात ठोकायचा, शेजारी बसायचं, पात्याची कड डोक्यावर धरून हातोडीने हलके ठोके देत जायचं. लोखंड गरम करायचं नाही. थंड ठोकल्याने कड पातळ होते आणि थोडी कठीणही. मग दगडावर पाजवायची. ती वेटोळी बघून सगळे नक्षी समजतात (मीही फसलो होतो), पण त्यांचं काम साधं आहे: ठोके बसताना खुंटा मातीत आणखी खचू नये.

खात्रीसाठी डोकं बघा. कडा बाहेर पसरल्या असतील तर त्याने बरेच ठोके खाल्लेत. डोकं अरुंद, छिन्नीसारखं असलं तरी चालेल, तसाही प्रकार असतो.

वय मात्र नुसत्या आकारावरून ठरवू नका. अशा ऐरणी रोमन काळातल्याही सापडल्यात आणि विसाव्या शतकातही वापरात होत्या. सोबत नाणी किंवा खापरं निघाली का? गंज घासू नका, ॲसिड तर नकोच. जागा आणि खोली लिहून ठेवा.