आधी झाड दाखवा, मग बाटली घ्या

मृगाचा पाऊस पडला की आमच्या कृषी विज्ञान केंद्राचा फोन सकाळी सातपासून वाजायला लागतो. मी इथे पीक संरक्षणाची विषय विशेषज्ञ आहे. प्रश्न दिवसाला पन्नास येतात, पण गोंधळ तेच ते असतात: हे केंद्र नेमकं कोणाचं, इथे काय मिळतं आणि काय मिळत नाही, दुकानदारानं सांगितलेलं मारू की नको. तेच उत्तर फोनवर पुन्हा पुन्हा देण्यापेक्षा निवडक प्रश्न इथे घेते.

ठिबकच्या अनुदानाचा अर्ज तुमच्या केंद्रात भरून मिळेल का? (वाशीम जिल्हा)

नाही. अनुदान कृषी विभागाचं आहे. राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करा आणि अडलं तर तालुका कृषी अधिकारी कार्यालयात जा.

दिल्लीत नवे महासंचालक आले, विद्यापीठात कुलगुरू बदलतात, आमच्या केंद्राच्या प्रमुखांची जागा तर किती दिवस रिकामी आहे. अशात सल्ल्यासाठी भेटायचं कोणाला? मे महिन्यात शास्त्रज्ञांचं पथक गावात येऊन गेलं होतं, नंतर कोणी फिरकलं नाही. (परभणी जिल्हा)

आधी रचना समजून घ्या. देशातलं पहिलं कृषी विज्ञान केंद्र 1974 मध्ये पुदुच्चेरीला सुरू झालं, आज देशात सातशेहून अधिक आहेत. पैसा भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा. तिथे एप्रिल 2025 मध्ये डॉ. एम. एल. जाट महासंचालक झाले. महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यातल्या केंद्रांवर देखरेख पुण्याच्या 'अटारी' संस्थेची. प्रत्यक्ष केंद्र कुठे कृषी विद्यापीठ चालवतं, तर कुठे स्वयंसेवी संस्था. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही विद्यापीठांत विस्तार शिक्षण संचालक असतात, ते या कामाचे प्रमुख.

वरची माणसं बदलली म्हणून तुमच्या तुरीची शिफारस बदलत नाही. शिफारशी चारही विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत, म्हणजे जॉइंट ॲग्रेस्कोत, चर्चा होऊन मंजूर होतात. एका माणसाच्या मर्जीवर त्या चालत नाहीत. प्रमुखाची जागा रिकामी राहणं मात्र चांगलं नाही. त्यानं निर्णय रखडतात आणि मला त्याची काळजी वाटते. तरीही केंद्रात कृषिविद्या, उद्यानविद्या, पीक संरक्षण अशा विषयांचे तज्ज्ञ असतात. विषय सांगून थेट त्यांना भेटा.

पथकाबद्दल म्हणाल, तर 29 मे ते 12 जून 2025 या काळात विकसित कृषी संकल्प अभियानात देशभर शास्त्रज्ञ गावोगाव गेले, मीही गेले होते. पंधरा दिवसांत इतकी गावं करताना एका गावाला दोन तासच मिळतात, हे खरं आहे. पुढचं पाऊल तुमच्या हातात आहे. प्रत्येक केंद्राची शास्त्रीय सल्लागार समिती असते आणि तिच्यात शेतकरी सदस्य असतात. आपल्या भागातला सदस्य कोण, हे केंद्रात विचारा आणि 'आमच्या गावात प्रात्यक्षिक घ्या' हा विषय त्यांच्यामार्फत बैठकीत मांडा.

पूर्वी मंगळवारी आणि शुक्रवारी केंद्राकडून हवामानाचा मेसेज यायचा, तो बंद का झाला? (जालना जिल्हा)

देशातल्या 199 जिल्ह्यांत केंद्रांमध्ये हवामान विभागाचे जिल्हा कृषी हवामान कक्ष होते. मार्च 2024 अखेर ते बंद झाले. तालुक्याच्या पावसाकडे बघून 'उद्या फवारणी थांबवा' असं सांगणारं माणूस जवळ असणं ही शेतकऱ्याची मोठी सोय होती, ती गेल्याचं वाईट वाटतं. कृषी विद्यापीठांतले हवामान कक्ष मात्र सुरू आहेत आणि त्यांचा सल्ला अजूनही मंगळवारी व शुक्रवारी निघतो. मोबाइलवर 'मेघदूत' ॲप घ्या, विजेच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' घ्या. कुठल्या तरी ग्रुपवर फिरणारा 'अमुक तारखेला ढगफुटी' हा निरोप वाचून पेरणी करू नका किंवा थांबवूही नका.

एका कंपनीचा माणूस गावात यंत्र घेऊन आला, दहा मिनिटांत माती तपासून त्यानं खताची यादी दिली. ती बरोबर धरायची का? (बुलढाणा जिल्हा)

यादीतली खतं त्याच कंपनीची आहेत का, एवढं आधी बघा. बहुतेक वेळा असतात. माल विकायला आलेल्या माणसाकडून तुमच्या मातीला काहीच कमी नाही, असं उत्तर येणं कठीण.

मृद आरोग्य पत्रिकेत 12 घटक असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज), बोरॉन, शिवाय सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. तुमच्या हातातल्या कागदावर यातले किती आहेत, ते मोजा. नमुनाही नीट घ्यावा लागतो. पीक निघाल्यावर आणि खत टाकण्याआधी, शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा करायचा आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडून घ्यायची. बांध, झाडाखालची जागा आणि शेणखताचा ढीग टाळा. सगळी माती एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. आणि कृपा करून युरियाच्या रिकाम्या गोणीत माती भरून आणू नका, मग तपासणी गोणीचीच होते. अहवाल घेऊन केंद्रात या, पिकाप्रमाणे खताचा हिशोब बसून करू.

तुमच्याकडच्या पाच दिवसांच्या प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रावर कृषी सेवा केंद्राचा परवाना मिळतो, असं एक एजंट म्हणतो. खरं आहे का? (नांदेड जिल्हा)

खोटं आहे, त्याला पैसे देऊ नका. बियाणं, खत आणि कीटकनाशक यांच्या परवान्यांच्या शैक्षणिक अटी वेगवेगळ्या आहेत, त्या जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयातूनच समजून घ्या.

मॅडम, पंचवीस दिवसांचं सोयाबीन पिवळं पडलंय. दुकानदारानं बुरशीनाशक, कीटकनाशक, टॉनिक आणि एकोणीस एकोणीस (19:19:19 हे विद्राव्य खत) एकाच पंपात मारायला सांगितलंय. बिलाचं विचारलं तर म्हणाला, आपलं घरचंच दुकान आहे. मारू का? (यवतमाळ जिल्हा)

दादा, थांबा. बाटल्या उघडल्या नसतील तर उघडू नका.

पिवळं पडणं हा आजार नाही, ते लक्षण आहे. तापात जसं आधी ताप कशाचा ते बघतात, तसंच इथे. मागच्या हंगामात एक शेतकरी कॅरीबॅगमध्ये झाडं घेऊन आले. तीन दिवस पिशवीत राहून ती काळी, लिबलिबीत झाली होती, पण एकाचं खोड शाबूत होतं. ब्लेडनं उभं चिरलं तर आत लालसर, नागमोडी भुयार आणि टोकाला तांदळाच्या कणीपेक्षा बारीक, फिकट पिवळी अळी. खोडमाशी. तोवर त्यांनी बुरशीनाशकाच्या दोन फवारण्या केल्या होत्या. खोडाच्या आतल्या अळीला त्या बुरशीनाशकानं काहीच झालं नव्हतं, पैसा आणि पंधरा दिवस मात्र गेले होते.

म्हणून शेतात जा आणि खाली बसून झाड बघा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत, आणि पाणी साचून मुळं गुदमरली की, ती हमखास दिसते. अशा वेळी पहिला उपाय चर काढून पाणी बाहेर घालवण्याचा. वाफसा आल्यावर, म्हणजे पाणी ओसरून मातीत हवा खेळू लागल्यावर, अनेकदा निम्मं पीक आपोआप हिरवं होतं. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू झाला असेल, तर नत्राकडे बघा: झाड अलगद उपटून मुळावरची गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी असेल तर ती नत्र बांधते आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर तिचं काम नीट चाललेलं नाही. पानावर गडद पिवळे-हिरवे चट्टे असतील आणि अशी झाडं शेतात मधूनमधून विखुरलेली असतील, तर पिवळ्या मोझॅकची शंका घ्या. तो विषाणू आहे, पांढऱ्या माशीतून पसरतो, कुठल्याही टॉनिकनं जात नाही. अशी झाडं दिसताक्षणी उपटून नष्ट करायची. आणि झाड मलूल होऊन सुकत असेल, तर खोड चिरून बघा. म्हणजे चार कारणं आणि उपाय चार वेगळे. लोहाच्या कमतरतेवर कीटकनाशक मारलं तर पिवळं पान पिवळंच राहतं आणि शेतातले मित्रकीटक तेवढे मरतात.

आता पंपातल्या मिश्रणाबद्दल. प्रत्येक कीडनाशकाच्या डब्यावर कोणतं पीक, कोणती कीड आणि किती मात्रा ते छापलेलं असतं. त्यालाच आपण लेबल क्लेम म्हणतो. चार वस्तू मनानं एकत्र केल्या की त्या मिश्रणाला कसलाच क्लेम उरत नाही. लोहाचं सल्फेट आणि स्फुरदयुक्त विद्राव्य खत बादलीत एकत्र करून बघा. पाणी फाटल्यासारखं होतं आणि तळाला साका बसतो. त्यातलं ना लोह पानाला मिळतं, ना स्फुरद, नोझल मात्र तुंबतं. आणि तुंबलेलं नोझल आपली माणसं तोंडानं फुंकतात! मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे आणि दर वेळी काळजाचा ठोका चुकतो.

तुमचा जिल्हा यवतमाळ, म्हणून हे आणखी स्पष्ट लिहिते. 2017 च्या खरिपात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली. डोक्यावर गेलेली कपाशी, अंगाला चिकटणारा दमट उकाडा, मिसळलेली औषधं, आणि हातमोजे-मास्क नाहीत. विषबाधेत डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, काय फवारलं? ऑर्गनोफॉस्फेट गटातलं असेल तर ॲट्रोपिन देतात, पण सगळ्या गटांवर तोच उतारा चालत नाही. पंपात चार वस्तू असतील आणि त्यातल्या एकीवर नीट लेबलही नसेल, तर घरच्यांनी काय सांगायचं आणि डॉक्टरांनी काय समजायचं? म्हणून एका वेळी एकच औषध, तेही शिफारशीच्या मात्रेत. लाल त्रिकोणाचा डबा अत्यंत विषारी असतो, तो सल्ल्याशिवाय हातातसुद्धा घेऊ नका. फवारताना गरगरलं, मळमळलं, घाम सुटला किंवा नजर अंधूक झाली, तर काम तिथेच सोडायचं, कपडे काढून अंग साबणानं धुवायचं आणि डब्यासह सरळ दवाखाना गाठायचा. घरी लिंबू-ताक पाजत बसू नका.

टॉनिकचं म्हणाल तर 2021 पासून जैव-उत्तेजकं, म्हणजे पिकाच्या वाढीची अशी टॉनिकं, खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. नोंदणी नसलेली बाटली विकणं बेकायदा आहे, आणि असला माल विकणारा बिल टाळतोच. 'घरचं दुकान' हे कारण ऐकून घेऊ नका, पक्कं बिल मागा. नाही म्हणाला तर माल तिथेच ठेवा आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. कितीतरी दुकानदार प्रामाणिकपणे सांगतात, आधी केंद्रात दाखवून या. त्यांच्याकडून माल घ्या.

नेमकी मात्रा मी इथे मुद्दाम लिहीत नाही. तुमच्या शेतात यातलं कोणतं कारण आहे, ते झाड बघितल्याशिवाय मला सांगता येणार नाही. उद्या सकाळीच जवळच्या केंद्रात झाडं घेऊन जा.

बियाणं उगवलं नाही. बावीस दिवस वाट पाहिली, मग मोडून दुबार पेरणी केली. आता भरपाई मिळेल का? (हिंगोली जिल्हा)

फार कठीण आहे. सोयाबीन आठवडाभरात जमिनीवर दिसायला हवं. दिसलं नाही तर त्याच आठवड्यात तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यायची असते. तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतात येऊन पंचनामा करते. तुम्ही शेतच मोडलं, आता तिनं बघायचं काय? तरी बिल, पिशवी, तिच्यावरचा टॅग आणि उरलेलं मूठभर बियाणं असेल तर आजच अर्ज द्या, अर्ज देण्यात तोटा नाही.

पुढच्या वर्षी पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि किती उगवतात ते मोजा. सत्तरच्या वर असतील तर नेहमीचं बियाणं पुरेल, कमी असतील तर प्रमाण किती वाढवायचं ते विचारून घ्या. आणि 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. शेजाऱ्यानं पेरलं म्हणून पेरलं, हे दुबार पेरणीचं कारण मी दर वर्षी ऐकते.

मी पुण्यात नोकरी करतो, शेती गावी काका बघतात. तुरीच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला तर औषध सांगाल का? (पुणे)

फोटोवरून अंदाज सांगेन, औषध सांगणार नाही. मर रोग आणि पाणी लागलेली तूर फोटोत सारखीच दिसते. तातडीचं काही असेल तर काकांना 1800-180-1551 या किसान कॉल सेंटरवर मराठीत बोलू द्या, तो फोन मोफत आहे. नाहीतर त्यांना म्हणावं, एक आजारी आणि एक चांगलं झाड मुळासकट, मातीसह उपटा, वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको, आणि त्याच दिवशी केंद्रात आणा. मागच्या पंधरा दिवसांत काय काय फवारलं, ते चिठ्ठीवर लिहून आणायलाही सांगा.